वेदिका सगळं बघते

तीर्थस्वरूप वाल्मीकमामा यांस,

नाशिकहून ललितचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनात केला आहे. खरोखर वाकलो तर मांडीवर झोपलेली ताईची वेदिका जागी होईल, आणि ती जागी झाली की पत्र संपलंच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी चहा बिनसाखरेचा घेतात की नुसतं तसं सांगतात? उन्हाळ कांदा काढायला मजूर मिळाले का, कांद्याच्या चाळीवरचे पत्रे बदलून झाले का, सविस्तर कळवा. निंबाअण्णा व्यापाऱ्याशी तुम्ही अजून बोलत नाही असं मामींनी ताईला फोनवर सांगितलं, ते ऐकून फार बरं वाटलं. मुळीच बोलू नका. भर लिलावात, सगळ्या मार्केटसमोर, आपला रांगडा कांदा दोन बोटांत दाबून "हा कांदा आहे का भिजलेला बोळा" म्हणणारा माणूस बोलायच्या लायकीचाच नाही. तुम्ही तोच कांदा त्याच्या गाडीच्या काचेवर मारलात आणि ट्रॅक्टर माघारी आणलात, हे योग्यच केलंत. मी असतो तर अख्खी गोणी मारली असती.

आता तुम्ही म्हणाल, भाचा फोन सोडून पत्र का लिहितोय, हाई काय शे? तर माझा फोन बादलीत गेला. वेदिकाने टाकला. आधी तिने साबणाची वडी टाकली, ती बुडाली. मग प्लास्टिकचा मग टाकला, तो तरंगला. मग माझ्याकडे एकदा नीट बघून घेऊन फोन टाकला. दाजींनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, पोरगी तुलना करायला लागली. फोन तांदळात पुरून ठेवलाय, पण त्यातून आवाज येतो तो विहिरीत पडलेल्या माणसासारखा.

मुद्द्याचं आधीच सांगतो. मला सटाण्याला तुमच्याकडे ठेवून घ्या. कांदे निवडीन, चाळीत भरीन, गोठ्यात झोपीन. मला आता माणसं नकोत, लहान माणसं तर त्याहून नकोत. कांदा कसा, गप्प पडून असतो. तुमचं बघून काही शिकत नाही आणि शिकलेलं चारचौघांत करून दाखवत नाही. का, ते पुढे वाचा.

मी कॉलेज का सोडलं हे तुम्हाला आप्पांनी बापाच्या पद्धतीने सांगितलं असेल. खरं एवढंच आहे की तोंडी परीक्षेला सर म्हणाले, तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का, आणि मी उत्तर न देता उठलो, फाईल मिटली आणि बाहेर पडताना दार ओढलं. दार जागेवर राहिलं, मूठ माझ्या हातात आली. आता मूठ परत द्यायला आत जायचं तर मान खाली घालावी लागली असती, म्हणून तशीच घेऊन घरी आलो. (पितळी आहे, वजनदार. हल्ली इतकी चांगली मूठ मिळत नाही.) पुन्हा त्या कॉलेजात पाऊल टाकलं नाही. आप्पांनी पिंपळगावला आठवडाभर माझ्याशी अबोला धरला आणि मग उज्वलाताईची बाळंतपणाची सुटी संपून बँक सुरू व्हायची होती, म्हणून मला सिडकोत ताईकडे आणून सोडलं. पोर सांभाळशील तेवढं तरी होईल, असं म्हणाले. म्हणजे इंजिनीअर व्हायला निघालेला मी पहिल्यांदा मामा झालो आणि मग दिवसभराची दाई.

दाजींचं काय सांगू. दीपकदाजी माणूस देव आहे, पण अंबडला कंपनीत विजेच्या पॅनेलचं काम बघतात, त्यामुळे त्यांना वेदिकाचा मेंदू म्हणजे पॅनेलच वाटतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत डोक्यात ज्या तारा जुळतील त्या जुळतील, असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. तेव्हापासून घरात एक मिनिट तार रिकामी ठेवू देत नाहीत. सकाळी सतार लावायची. (ती सतारीला रडते आणि कुकरच्या शिट्टीला झोपते.) नाश्ता झाला की चित्रांचे पत्ते दाखवायचे. मी मांडी घालून समोर बसणार, एकेक पत्ता धरणार आणि स्पष्ट उच्चारात म्हणणार, पेंग्विन. जिराफ. इग्लू. मामा, सिडकोत पेंग्विन कधी भेटणार आहे तिला? पेंग्विनचा कोपरा तिने खाल्ला, जिराफाची मान चोखून पांढरी केली, आणि इग्लू कुठे गेला याचा उलगडा दुसऱ्या दिवशी लंगोटात झाला. संध्याकाळी दाजी गाडीवरून उतरले की हेल्मेट काढायच्या आधी विचारणार, आज काय शिकली? काय सांगू? की आज ती चमचा खाली टाकायला शिकली. मी उचलून दिला, तिने टाकला. मी उचलून दिला, तिने टाकला. शेवटी मी ओरडलो, तर चमचा टाकायच्या आधी ती ओरडायला शिकली.

खेळण्यांचंही तेच. दाजींनी पुण्याहून लाकडी ठोकळे मागवले, कडा घासून गोल केलेले, रंग चाटला तरी चालेल असे. ते कोपऱ्यात पडून आहेत. तिला पाहिजे काय, तर कॉलेजच्या दाराची मूठ. झोपताना मूठ, उठताना मूठ. आणि मला राग आला की मी दार आपटतो (आपल्या घराण्यात कोण आपटत नाही?), तर ही बाई आता ओट्याखालचं ट्रॉलीचं दार आपटते आणि आपटून झालं की मान वळवून कोण कोण दचकलं ते मोजते. ताई म्हणाली, तुझंच बघून शिकली. मी म्हणालो, मी तिला पेंग्विन शिकवतोय ते का शिकत नाही मग?

याचं उत्तर मला चैतालीने दिलं. (इथे पाणी पिऊन आलो.)

चैताली म्हणजे मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी मुलगी. एमएस्सीला आहे, सिडकोच्या पार दुसऱ्या टोकाला मैत्रिणींबरोबर राहते. लसीच्या रांगेत ताईशी ओळख झाली. तिला अभ्यासासाठी एक बाळ नियमित बघायला पाहिजे होतं, ताईने आमचं दिलं. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी यायची, सतरंजीवर बसायची आणि नुसती बघायची. पहिल्या दिवशी मी पत्ते काढले तर म्हणाली, ते राहू द्या, ती काय करतेय ते बघा. चमचा टाकणं हा चावटपणा नाही म्हणे, प्रयोग आहे: प्रत्येक वेळी खालीच पडतो का, प्रत्येक वेळी आवाज होतो का, आणि प्रत्येक वेळी हा माणूस उचलतो का. (यातला हा माणूस म्हणजे मी.) बाळं शिकवल्याने कमी शिकतात आणि जवळच्या माणसाकडे बघून जास्त, असं तिचं म्हणणं. एकदा तिने ती मूठ वेदिकासमोर ठेवली आणि वर रुमाल टाकला. वेदिकाने क्षणभर विचार केला आणि रुमाल उचलला. चैताली म्हणाली, काही महिन्यांपूर्वी हिच्या लेखी डोळ्याआड झालेली वस्तू संपलेली असायची, आता हिला कळलंय की झाकलेलं असतंच. मामा, वाक्य साधंच होतं, पण मी उगाच त्या रुमालाची घडी घालत बसलो. कारण मीही काहीतरी झाकूनच बसलो होतो.

तेव्हापासून माझी दुपार बिघडली. चैतालीच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका आहे, गल्लीच्या तोंडाशीच कळतं. तो आवाज आला की माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जायचे, केस मागे बसवायचे, मग टीव्हीखालच्या कपाटाच्या काचेत एकदा बघायचं, मग गॅलरीच्या दाराशी जाऊन आभाळाकडे बघितल्यासारखं करायचं आणि एक दीर्घ श्वास सोडायचा. हे सगळं मी गुपचूप करत होतो. कुणी नव्हतंच बघायला. कडेवर वेदिका होती फक्त.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी तिला अडाणी समजत होतो. तिचे चाळेही तसेच. त्या दिवसांत तिने एक विचित्र खोड काढली. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन बाहेर आलो की ती हनुवटी खाली घ्यायची, एका बोटाने कानामागे काहीतरी सारायची आणि सतरंजीकडे बघत बसायची. काय सारायची कुणास ठाऊक. तिथे केस नाहीत, जावळ सगळं टाळूवर आहे. बरं, घरात असं कुणीच करत नाही. ताई केस घट्ट बांधते, दाजींच्या आई कुसाबाई डोक्यावरचा पदर खाली पडू देत नाहीत, आणि दाजींना कानामागे सारण्याइतके केस उरलेले नाहीत. दाजींनी रात्रभर फोनवर शोधलं, कुठे उल्लेख सापडला नाही, तेव्हा कान दुखत असेल म्हणून पोरीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि कान उत्तम आहे म्हणाले. दाजी म्हणाले, मग मेंदूतलीच एखादी तार असेल. मी म्हणालो, सतार बंद करा आधी.

आता गेल्या रविवारचं ऐका आणि मला सटाण्याला बोलवायचं की नाही ते ठरवा. वेदिकाचं जावळ कुठे आणि कधी करायचं ते ठरवायला आप्पा पिंपळगावहून आले होते. कुसाबाईंना त्र्यंबकला करायचं होतं, दाजींना न्हाव्याचा वस्तरा उकळून घ्यायचा होता, यावर चर्चा चालू होती. वेदिका आप्पांच्या मांडीवर होती. आप्पा खुशीत होते. म्हणाले, काही म्हणा, पोरगं पोरीच्या नादाला लागल्यापासून माणसात आलंय. (त्यांना वेदिका म्हणायची होती.) जूनमध्ये कॉलेजला परत जाशील ना, असंही विचारलं, चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं. मी हो म्हणणार, एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायलेन्सर वाजला.

वेदिका आप्पांच्या मांडीवर ताठ झाली. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जावळ मागे बसवलं. वाकून आप्पांच्या पाण्याच्या तांब्यात स्वतःचं तोंड बघितलं. मग खाली उतरली, रांगत गॅलरीपर्यंत गेली, गज धरून उभी राहिली, आभाळाकडे बघितलं आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की समोरच्या दोरीवरचा पायमोजा हलला असेल.

मग कुसाबाई म्हणाल्या, "ही पोरगी कुनाचं बघून शिकली गं, उज्वला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मामा, माझं दुर्दैव असं की माझे दोन्ही हात त्या क्षणी माझ्या डोक्यावर होते.

ताईने पदर तोंडात कोंबला. दाजींच्या तोंडातून कौतुकाने, "ऐकलं की आठवतंय हिला," एवढंच निघालं. त्यांना मेव्हण्याची अब्रू दिसत नव्हती, फक्त तार दिसत होती. आणि आप्पा शांतपणे म्हणाले, "असं हाय तर." आप्पांचा आवाज चढला तर भीती नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शांत झाला की संपलं.

त्यात दार वाजलं आणि चैताली आत आली, हसत, पिशवीत वेदिकासाठी खुळखुळा. तिला बिचारीला काय कल्पना. आणि मी काय करावं? गप्प बसावं, एवढं सोपं होतं. पण माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो की रोज उठून येण्यासारखं इथे काही नाही, हे घर आहे, तुमची प्रयोगशाळा नाही. आणि आत जाऊन खोलीचं दार आपटलं. लगेच बाहेर ट्रॉलीचं दार आपटल्याचा आवाज. वेदिका. मग स्कूटर चालू झाल्याचा आवाज.

त्यानंतर चैताली आलेली नाही. सतरंजी घातली की वेदिका दाराकडे बघते. खुळखुळा मी तिच्यासमोर रुमालाखाली ठेवला, तर तिने रुमाल उचलला, खुळखुळा बाजूला सारला आणि पुन्हा रुमालाखाली बघितलं. मामा, मला ते सहन होत नाही. आणि आप्पांचा हुकूम सुटलाय. सोमवारपासून पॅकहाऊसला ये, द्राक्षांच्या खोक्यांना स्टिकर लाव. तिथं टेम्पो येतात, स्कूटर येत नाय, असं म्हणाले.

पिंपळगावला आप्पांच्या नजरेखाली स्टिकर लावण्यापेक्षा सटाण्याला तुमच्या सावलीत कांदे निवडलेले बरे. बाया, बाळं, प्रेम, शिक्षण या सगळ्यातून मी उठलो आहे. मामींना माझ्यासाठी घोंगडी काढून ठेवायला सांगा. बाकी भेटीअंती. थोरांना नमस्कार, धाकट्यांना काही नाही. ते बघत असतात.

आपला, आणि सध्या दुसऱ्या कुणाचाच नसलेला भाचा,
ललित

ता. क. घोंगडी राहू द्या. पाकीट डिंकाने चिकटवलं होतं ते वाफेवर धरून उघडलंय, म्हणून कडा चुरगळलीय. आज दुपारी सायलेन्सर वाजला. मी हात खिशात कोंबून बसून राहिलो. वेदिकाने मात्र सगळा कार्यक्रम केला, सुस्काऱ्यासकट. चैताली आत आली, माझ्याकडे न बघता सतरंजीवर बसली. म्हणाली, बाळाचं शिकणं तुमच्या रागासाठी थांबत नाही, आणि माझा अभ्यास अर्धा राहिलाय. मग वेदिकाला समोर घेऊन मला म्हणाली, "दार आपटायचं तर हिला शिकवून झालं. आता आपटल्यावर काय म्हणायचं, तेही एकदा हिच्यासमोर करून दाखवा." मामा, मी आजवर कुणाला चुकलो म्हटलेलं नाही. सरांना नाही, आप्पांना नाही. वेदिका डोळे मोठे करून बघत होती. मी म्हटलं. पहिल्यांदा सतरंजीला म्हटलं, दुसऱ्यांदा चैतालीला. मग चहा करायला पळालो.

ता. क. चा ता. क. खरी गोष्ट लिहायची राहिलीच. चहा घेऊन बाहेर आलो. चैतालीने हनुवटी खाली घेतली, एका बोटाने कानामागे बट सारली आणि सतरंजीकडे बघत बसली. तिच्या मांडीवर वेदिकाने हनुवटी खाली घेतली, एका बोटाने कानामागे काही नसलेलं सारलं आणि सतरंजीकडे बघत बसली. दोघी एकदम, एकसारख्या. माझ्या हातात चहा होता म्हणून, नाहीतर मी कुठे गेलो असतो सांगता येत नाही. इतके दिवस मी चहाच्या कपाकडे बघत बाहेर यायचो, मामा, सांडू नये म्हणून. बघत फक्त वेदिका होती. ताई आजच बँकेतून लवकर आली होती. दाराशी उभं राहून म्हणाली, "पोरीला उगाच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मामाला डोळ्यांच्या न्यायला हवं होतं." चैतालीने पुन्हा बट सारली. ती बट सरलेलीच होती.

आणखी एक. आता तुमच्याकडे खरं काम. आप्पा जगात फक्त मेव्हण्याचं ऐकतात. त्यांना सांगा की जावळ मामाच्या मांडीवर काढतात, तेव्हा मामाला आधीच पिंपळगावला नेऊन खोक्यांत बसवू नये. आणि जूनमध्ये कॉलेजला जायचं का, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं, ते हो आहे. मूठ परत करीन. वेदिकाला दुसरी बघावी लागेल.

शेवटचं. आधी पाणी प्या. चहा पिताना मी चैतालीला गाव विचारलं. सटाणा म्हणाली. मी आनंदाने सांगितलं की माझे मामा सटाण्याचे. तर म्हणाली, माझे वडीलही तिथेच, कांद्याचे व्यापारी. मध्यंतरी कुणीतरी त्यांच्या गाडीच्या काचेवर कांदा मारला, तेव्हापासून ते त्या रस्त्याने जात नाहीत.

मामा, वर पहिल्या परिच्छेदात मी निंबाअण्णांविषयी जे लिहिलंय ते खोडणार होतो, पण पत्र वाईट दिसलं असतं. ते तुम्ही वाचलं नाही असं समजा. अण्णा अनुभवी माणूस आहे, आणि कांदा त्या दिवशी थोडा ओला होताच, मामी म्हणत होत्या. माझ्या जावळाच्या वेळी मी तुमच्या मांडीवर होतो आणि तुम्ही न्हाव्यावर एवढे ओरडलात की तो वस्तरा टाकून पळाला, हे आई अजून सांगते. मी वर्षाचाही नव्हतो. म्हणजे माझं डोकं कुणाचं बघून असं झालं, हे आता मला कळलंय. रागावून नाही म्हणत. त्र्यंबकला जावळाचं आवतण चैतालीमार्फत अण्णांनाही जाणार आहे. तुम्ही दोघं समोरासमोर याल. वेदिका माझ्या मांडीवर असेल. जे कराल ते ती बघेल, आणि पुढे कधीतरी, नेमकं चार माणसांत, करून दाखवेल. तेव्हा जास्त काही नको, नुसता नमस्कार तरी करा.